वाटाण्याच्या वाफ्यातील फादर



जुलै महिन्याचा चौथा रविवार म्हणजे आजी-आजोबांचा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस सुरू केला आणि प्रभू येशूचे आजी-आजोबा संत ज्योकिम व संत अॅना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ तो ठेवला. आपल्या धर्मग्रामातही या दिवशी नातवंडे आजी-आजोबांचा हात धरून वेदीजवळ येतात. त्यांना पाहताना मागच्या बाकांवर हमखास एकच कुजबुज चालते. कोणाचे नाक थेट आजोबांवर गेले आहे, कोणाचे कुरळे केस आजीचे आहेत. आईचे केस सरळ, बापाचेही सरळ. मग मुलाचे कुरळे आले कुठून?

या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर ज्यांनी शोधून काढले, ते एक कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर ग्रेगोर मेंडेल. आपल्या मुलांना हे नाव विज्ञानाच्या पुस्तकात भेटते. वाटाणे, तीनास एक हे प्रमाण, परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, एवढे त्यांना ठाऊक असते. परंतु हा माणूस रोज मिस्सा अर्पण करीत होता, परीक्षेत नापास झाला होता आणि आपल्या कामाचे महत्त्व जगाला कळण्यापूर्वीच जग सोडून गेला, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांचा जन्मही जुलै महिन्यातलाच. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

शेतकऱ्याचा मुलगा

दरवर्षी फेब्रुवारीत आपण नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जातो. या भक्तीचे मूळ प्राग शहरातील बाळ येशूच्या मूर्तीत आहे. प्राग ही आज चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. त्याच देशातील हिन्चित्से या खेड्यात जुलै १८२२ मध्ये योहान मेंडेल यांचा जन्म झाला. त्या काळी हा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि गावाचे जर्मन नाव हाइन्झेनडॉर्फ असे होते.

वडील अंतोन हे लहान शेतकरी. आई रोझीना माळी घराण्यातली. योहानला एक थोरली आणि एक धाकटी बहीण. शेत स्वतःचे असले तरी जमीनदाराकडे आठवड्यातून तीन दिवस वेठबिगारी करावी लागे. गावचे धर्मगुरू फादर श्रायबर यांना फळझाडांची मोठी आवड. ते गावकऱ्यांना आणि शाळेतल्या मुलांना कलमे करायला शिकवीत. योहानच्या वडिलांची स्वतःची छोटी फळबाग होती. एका झाडाची डोळा बांधलेली काडी दुसऱ्या झाडावर कशी जगते, हे या मुलाने फार लहानपणी पाहिले.

मुलगा हुशार होता. शिक्षकांनी आणि फादरांनी आग्रह धरला, म्हणून आईवडिलांनी त्याला दूरच्या शाळेत पाठवले. तिथे त्याचे अर्धपोटी दिवस सुरू झाले. गावाकडून गाडी जायची असली की गाडीवानाबरोबर घरून पाव आणि लोणी पाठवले जाई. खेड्यातून नाशिकला शिकायला आलेल्या आणि एस.टी.ने येणाऱ्या डब्याची वाट पाहिलेल्या आपल्या ज्येष्ठांना हे वेगळे सांगायला नको!

१८३८ साली वेठबिगारीचे काम करताना झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. सोळा वर्षांच्या योहानला स्वतःचा खर्च शिकवण्या करून भागवावा लागला. पुढे काम आणि काळजी यांनी तो आजारी पडला. शिक्षण सुटणार अशी वेळ आली तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या पैशांतला वाटा तिने भावाला दिला. मेंडेल हे ऋण कधी विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. एका बहिणीने आपल्या हुंड्यातला हिस्सा सोडला नसता, तर आनुवंशिकतेचे शास्त्र कदाचित आणखी काही वर्षे थांबले असते.

मठ आणि दोन नापास परीक्षा

१८४३ साली मेंडेल ब्रनो शहरातील संत थॉमस मठात दाखल झाले. हा मठ संत अगस्तीन यांच्या नियमाने चालणारा. आपल्यापैकी जे जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला गेले आहेत, त्यांनी टेकडीवर उभा असलेला संत अगस्तीनच्या मंदिराचा पडका मनोरा पाहिला असेल. तो याच अगस्तीनियन संघाचा. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे हेही याच संघाचे. मठात योहानला ग्रेगोर हे नवे नाव मिळाले.

मेंडेल यांनी कधी लपवले नाही की पोटापाण्याची विवंचना हेही त्यांच्या मठात येण्याचे एक कारण होते. देवाचे बोलावणे नेहमी स्वप्नातून किंवा देवदूतांकडूनच येते असे नाही. कधी ते रिकाम्या खिशातूनही येते. बोलावण्याची परीक्षा होते ती नंतरच्या चाळीस वर्षांत, आणि त्या परीक्षेत मेंडेल उतरले.

ऑगस्ट १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रुग्णांना भेटण्याचे काम त्यांच्याकडे आले. परंतु आजाऱ्यांच्या आणि मरणासन्नांच्या खाटेपाशी उभे राहिले की हा तरुण धर्मगुरू स्वतःच आजारी पडे. मठाधिपती सिरिल नाप हे शहाणे गृहस्थ होते. त्यांनी मेंडेल यांना रागावून कामाला जुंपले नाही, तर शिकवण्याच्या कामावर पाठवले. शिक्षक म्हणून ते विद्यार्थ्यांना फार आवडत. पण कायम शिक्षक व्हायचे तर सरकारी परीक्षा पास व्हायला हवी. १८५० साली ते त्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. कशात? जीवशास्त्राचाच भाग असलेल्या निसर्गविज्ञानात!

नाप यांनी त्यांना १८५१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे दोन वर्षे त्यांनी पदार्थविज्ञान, गणित आणि वनस्पतीशास्त्र यांचे धडे घेतले. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेला बसले आणि तब्येत बिघडल्याने तीही परीक्षा पुरी होऊ शकली नाही. शेवटपर्यंत ते प्रमाणपत्र नसलेले, बदली शिक्षकच राहिले. दहावी-बारावीच्या निकालानंतर ज्या घरांत चूल पेटत नाही, त्या घरांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

अठ्ठावीस हजार झाडे

त्याच १८५६ साली मेंडेल यांनी मठाच्या बागेत आपला प्रयोग सुरू केला. सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद एवढाच जमिनीचा पट्टा. त्यात त्यांनी वाटाणा लावला. वाटाण्याच्या ३४ जाती आणून दोन वर्षे नुसत्या तपासल्या आणि त्यांतल्या २२ निवडल्या. मग सात गुण नक्की केले. बी गोल की सुरकुतलेले, पिवळे की हिरवे, झाड उंच की बुटके, अशा जोड्या.

वाटाण्याचे फूल स्वतःच स्वतःचे परागीभवन करते. म्हणून कळी उमलण्यापूर्वीच ती उघडून चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने लावायचे आणि फुलाला पिशवी बांधायची. प्रत्येक फुलाला हेच करायचे. शाळा आणि प्रार्थना सांभाळून आठ वर्षे हे काम चालले. सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हातांखालून गेली.

गोल बियांच्या आणि सुरकुतलेल्या बियांच्या झाडांचा संकर केला तेव्हा पुढच्या पिढीत सगळेच बी गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. परंतु ते बी पुन्हा पेरून आलेल्या पिढीत मेंडेल यांनी ७,३२४ दाणे मोजले. त्यांत ५,४७४ गोल निघाले आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. मुलांत हरवलेला आजोबांचा गुण नातवंडांत जसाच्या तसा परत आला होता!

यावरून त्यांनी निष्कर्ष काढला. आईवडिलांचे गुण दूध आणि पाणी मिसळावे तसे मिसळून जात नाहीत. प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पराग किंवा बीजांड तयार होताना ते दोघे पुन्हा वेगळे होतात आणि प्रत्येकात एकच जातो. प्रभावी घटक जवळ असला की अप्रभावी दिसत नाही, पण तो मरत नाही. तो वाट पाहत राहतो.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्ग-अभ्यासक मंडळापुढे त्यांनी हे सारे वाचून दाखवले. १८६६ साली ते छापले गेले. त्याच्या ४० प्रती मागवून त्यांनी काही विद्वानांना पाठवल्या. पण शास्त्राला नवे वळण मिळाले आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञाने मेंडेल यांचे आकडे अपेक्षेपेक्षा जास्तच नेटके आहेत अशी शंका काढली. त्यावर पुष्कळ वाद झाला. निष्कर्ष मात्र जगभर पुन्हा पुन्हा तपासून खरे ठरले आहेत.

फसवे पिवळे फूल

म्युनिकचे प्राध्यापक नेगेली हे त्या काळचे मोठे वनस्पतीशास्त्रज्ञ. त्यांनी मेंडेल यांना उत्तर दिले, पण वाटाण्याचे महत्त्व त्यांना उमगले नाही. त्यांच्या आवडीच्या हॉकवीड या पिवळ्या फुलांच्या रानटी वनस्पतीवर मेंडेल यांनी काम सुरू केले. बारीक फुले उघडता उघडता त्यांचे डोळे शिणून गेले. आणि इतके करून हॉकवीडने त्यांना साथ दिली नाही. वाटाण्यात दिसलेले प्रमाण इथे दिसेना. आपला नियम चुकला की काय, असे कोणालाही वाटले असते.

याचे कारण कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. आपल्या नाशिकच्या शेतकऱ्याला मात्र ते चटकन कळेल. द्राक्षाचा मळा आपण बी पेरून लावत नाही, काडी लावून किंवा कलम करून लावतो. म्हणून बागेतली थॉमसन जातीची सगळी वेले एकाच वेलाची जणू प्रत असतात. कांद्याचे तसे नाही. कांद्याच्या गोंड्यावर मधमाशी बसते, पराग जातो आणि प्रत्येक बीजात आईवडिलांच्या गुणांची नवी वाटणी होते. हॉकवीडला येते बीच, पण ते बहुधा नर-मादीच्या मीलनाशिवाय तयार होते. म्हणजे ते दिसायला बी आणि गुणाने द्राक्षाची काडी! त्यात वाटणी होतच नाही, मग प्रमाण दिसणार कसे? मेंडेल यांचा नियम बरोबर होता, त्यांना दिलेले झाड चुकीचे होते.

१८६८ साली ते मठाधिपती झाले आणि प्रयोगांना वेळ उरेनासा झाला. मधमाश्या पाळणे आणि हवामानाच्या रोजच्या नोंदी ठेवणे एवढे त्यांनी शेवटपर्यंत केले. १८७४ साली सरकारने मठांच्या मालमत्तेवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे असे मेंडेल यांचे मत होते आणि त्यांनी तो भरायला नकार दिला. प्रकरण जप्तीपर्यंत गेले. मित्र दुरावले, तब्येत ढासळली, पण ते मागे हटले नाहीत. त्यांची भूमिका योग्य होती की तो हट्ट होता, यावर मतभेद होऊ शकतात. संतचरित्रे वाचताना आपण असे प्रसंग गाळतो. मी ते गाळत नाही, कारण माणूस पूर्ण दिसला पाहिजे.

६ जानेवारी १८८४ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, मूत्रपिंडाच्या विकाराने मेंडेल यांचे निधन झाले. ते ६१ वर्षांचे होते. अंत्यविधीच्या मिस्साला गोरगरिबांची मोठी गर्दी होती. ऑर्गनवर होते पुढे जगप्रसिद्ध झालेले संगीतकार लेओश यानाचेक. गर्दीतल्या लोकांना ते एक दानशूर मठाधिपती म्हणून माहीत होते, शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. सोळा वर्षांनी, १९०० साली, तीन देशांतील तीन शास्त्रज्ञांना आपापल्या प्रयोगांत तेच नियम सापडले आणि जुनी छापील पाने शोधताना त्यांना कळले की एका धर्मगुरूने हे सारे आधीच लिहून ठेवले आहे.

दोन जपमाळा

मेंडेल यांनी घटक म्हटले, पण ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते असतात कुठे? आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. माणसात ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून. मेंडेल यांचे घटक, ज्यांना आज आपण जनुके म्हणतो, या धाग्यांवर मण्यांसारखे ओळीने असतात.

बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना ४६ ची २३ व्हावी लागतात. नाहीतर दर पिढीला संख्या दुप्पट होत जाईल. या विभाजनाला मुलांच्या पुस्तकात अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. त्यात एक विलक्षण गोष्ट घडते, आणि तीही प्रथम एका धर्मगुरूंनीच ओळखली. बेल्जियममधील ल्युव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात फादर फ्रान्स आल्फोन्स यान्सेन्स हे प्राध्यापक होते. सरड्यासारख्या दिसणाऱ्या सॅलॅमँडर या प्राण्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना दिसले की जोडीतले धागे एकमेकांना ठिकठिकाणी क्रॉससारखे छेदून चिकटलेले असतात. १९०९ साली त्यांनी मांडले की या ठिकाणी धागे तुटून एकमेकांशी जोडले जातात, म्हणजे तुकड्यांची अदलाबदल होते. अनेकांना ते पटले नाही. अमेरिकेत फळमाशीवर काम करणाऱ्या मॉर्गन यांनी १९११ मध्ये आपल्या निष्कर्षांसाठी या कल्पनेचा आधार घेतला. १९३१ साली हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी मक्यावर काम करून पक्का पुरावा दिला.

ही अदलाबदल समजून घ्यायची तर दोन जपमाळा घ्या. गाठ सोडून त्या सरळ करा आणि शेजारी शेजारी मांडा. एक आजोबांची, निळ्या मण्यांची. दुसरी आजीची, पांढऱ्या मण्यांची. मण्यासमोर तोच मणी आला पाहिजे, एकाचीही चूक चालणार नाही. आता दोन्ही माळा एकाच जागी कापा आणि निळीचे टोक पांढरीला, पांढरीचे टोक निळीला बांधा. मणी तेवढेच राहिले, प्रत्येक मण्याची प्रार्थना तीच राहिली, पण या आधी कधीही नसलेल्या दोन नव्या माळा तयार झाल्या. पेशीत थोडे अधिक काम असते. तिथे प्रत्येक माळेची आधी एक हुबेहूब प्रत तयार होते आणि अशा चार माळांतील दोन त्या त्या ठिकाणी अदलाबदल करतात.

मेंडेल यांच्या सात गुणांची जनुकेही सात वेगळ्या धाग्यांवर नव्हती. काही एकाच धाग्यावर होती. पण त्यांतली बरीचशी एकमेकांपासून इतकी दूर होती, की मधल्या अदलाबदलीमुळे ती स्वतंत्र असल्यासारखीच वागली.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अदलाबदल बाजूला ठेवली, तरी २३ जोड्यांतून एकेक धागा निवडण्याचे ८३,८८,६०८ मार्ग असतात. म्हणजे जवळजवळ चौऱ्याऐंशी लाख! हा आकडा आपल्याकडे कीर्तनांतून कानावर पडलेला असतो, तो वेगळ्या अर्थाने. इथे तो निव्वळ योगायोग आहे. अदलाबदल धरली तर ही संख्या मोजण्यापलीकडे जाते. म्हणूनच एकाच आईची चार मुले चार तऱ्हेची होतात.

आता आजच्या सणाकडे येऊ. स्त्रीच्या बीजांडांतील ही जुळणी आणि अदलाबदल केव्हा होते? ती स्त्री स्वतः जन्माला येण्यापूर्वी, आपल्या आईच्या उदरात असताना! मग काम अर्ध्यावर थांबते आणि ती वयात आल्यावर महिन्यामागून महिने एकेका बीजांडात पुढे सरकते. याचा अर्थ असा की ज्या बीजांडापासून तुम्ही झालात, त्यात तुमच्या आईच्या आईवडिलांच्या धाग्यांची गाठभेट तुमच्या आजीच्या उदरातच झाली होती. पवित्र मरिया संत अॅनाच्या उदरात होती, त्या चित्रासमोर प्रार्थना करताना मला अलीकडे हे हटकून आठवते.

एका आईचा प्रश्न

आता मी हे सारे का लिहिले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना, एक तरुण आई आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन माझ्याकडे आली होती. बाळाला डाउन सिंड्रोम आहे असे डॉक्टरांनी सांगितले होते. घरात कुजबुज सुरू झाली होती की हे कोणाच्या तरी पापाचे फळ आहे, आणि ते कोणाचे हे जणू ठरूनही गेले होते. तिला माझ्याकडून फक्त एवढेच जाणून घ्यायचे होते की हे खरे आहे का. मी तिला धीर दिला, बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पण स्पष्ट उत्तर दिले नाही. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो होतो, तिच्या प्रश्नाचे उत्तर मला दिसत नव्हते. ती गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे ओझे तसेच होते. ती माझी चूक होती.

उत्तर यान्सेन्स यांच्या त्या क्रॉसमध्येच आहे. धाग्यांची अदलाबदल केवळ वैविध्यासाठी नसते. त्या गाठीच जोडीला धरून ठेवतात, म्हणजे वाटणीच्या वेळी एक धागा इकडे आणि एक तिकडे नीट जातो. बीजांडात या गाठींना कित्येक वर्षे टिकून राहावे लागते. कधी गाठ पडतच नाही, कधी ती सैल होते, आणि दोन्ही धागे एकाच बाजूला जातात. मग बाळाला २१ व्या क्रमांकाची दोनऐवजी तीन गुणसूत्रे मिळतात. दर हजार जन्मांमागे साधारण एका बाळाच्या बाबतीत असे होते. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते, पण तरुण आईच्या बाबतीतही ते होऊ शकते. त्यात आईने काय खाल्ले, ग्रहणात काय केले, कोणाचा शाप लागला, याचा काहीही संबंध नसतो. पॅरिसमध्ये डॉ. जेरोम लेजून यांनी डॉ. मार्त गोतिये आणि सहकाऱ्यांसह १९५९ साली हे कारण जगापुढे ठेवले. लेजून श्रद्धावान कॅथलिक होते आणि त्यांनी आयुष्यभर या मुलांची सेवा केली. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना वंदनीय घोषित केले.

मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनीही हा धडा वाचावा. आईच्या प्रत्येक बीजांडात एक्स गुणसूत्रच असते. एक्स की वाय हे वडिलांच्या शुक्रपेशीवर ठरते. आणि वडिलांनाही ते निवडता येत नाही.

मग कोणी विचारील की हे सारे योगायोगाने घडत असेल, तर देव कुठे आहे? संत थॉमस अॅक्वायनस यांनी सात शतकांहून अधिक काळापूर्वी मांडले होते की देवाची योजना योगायोगाला पुसून टाकत नाही. योगायोगानेही घडणाऱ्या गोष्टी असाव्यात, हेही त्या योजनेतच बसते. संत योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभू दोघांनाही दोषमुक्त करतो आणि मग वाकून चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. दोष शोधण्यात तो एक क्षणही घालवत नाही, लगेच कामाला लागतो. त्या आईला मी हे सांगायला हवे होते. आज तुम्हा सर्वांना सांगतो आहे.

फादर मेंडेल यांना ख्रिस्तसभेने संत घोषित केलेले नाही. आपण त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र घेऊ शकतो. त्यांनी हरवलेल्या गुणाला मेलेला समजण्याची घाई केली नाही. दुसऱ्या पिढीपर्यंत थांबले आणि एकेक दाणा मोजला, गोल आणि सुरकुतलेला दोन्ही. त्यांच्या वहीत सुरकुतलेल्या दाण्यालाही तेवढीच जागा होती.

आज मिस्सानंतर नातवंडे आजी-आजोबांना फुले देतील. आपल्या धर्मग्रामात ज्या घरांत विशेष मुले आहेत, त्यांनीही त्यांना जरूर पुढे घेऊन यावे. आणि मागच्या बाकांवर कुजबुज व्हायचीच असेल, तर ती एवढीच व्हावी की हे हसू नक्की कोणत्या आजीचे.

प्रभू आपणा सर्वांच्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू